बुरशीच्या पोटातली नहर

मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर खेळवली. कोणत्या फाट्याला किती पाणी जाते, हे वरून दिसत नाही. पेनिसिलिनच्या बुरशीचा विचार करताना मला ही नहर आठवते.

1955 मध्ये पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. बुरशीला साखर द्यायची, औषध काढायचे. पण बरीचशी साखर बुरशीच्या वाढीत आणि श्वसनात खर्ची पडते. जितकी अशी जाईल, तितके इंजेक्शन महाग. मग ती जाते कुठे?

हेवेशीने 1923 मध्ये किरणोत्सारी शिसे देऊन रोपात त्याचा माग काढला होता. 1954 मध्ये आर्नस्टाइन आणि ग्रँट यांनी इंग्लंडमध्ये खूण केलेले सिस्टिन बुरशीला दिले. ती खूण पेनिसिलिनमध्ये सापडली. वाट कळली, ओघ किती हे कळायचे होते.

पुढे ग्लुकोजचा पहिला कार्बन जड, म्हणजे कार्बन-13, घेऊ लागले. पेंटोज फॉस्फेटच्या वाटेला हा अणू कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. ग्लायकोलिसिसच्या वाटेने गेला, तर अमिनो आम्लांत सापडतो. प्रमाण मोजले की वाटणी कळते. पेनिसिलिन घडवायला लागणारे एनएडीपीएच पहिल्या वाटेवर मिळते, म्हणून हा हिशेब मोलाचा.

पाणी कुठे मुरते हे कळल्याशिवाय नहर दुरुस्त होत नाही, हेच खरे.