मानेतील धमनीच्या भिंतीची जाडी (सी.आय.एम.टी.)

कॅरोटिड धमनीच्या आतल्या दोन थरांची सोनोग्राफीने मोजलेली एकत्रित जाडी. मेंदूला रक्त पुरवणारी ही धमनी कातडीच्या अगदी जवळ असते. त्यामुळे रक्तवाहिन्यांची अवस्था इथे सुई न टोचता, क्ष-किरण न वापरता पाहता येते. मिलानच्या पाओलो पिन्योली व सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही मोजणी मांडली.

रुग्णाला उताणे झोपवून मान किंचित वळवतात, जेल लावून प्रोब टेकवतात. पडद्यावर धमनीच्या खालच्या भिंतीत दोन उजळ समांतर रेघा आणि मधे काळी पट्टी उमटते. एका रेघेच्या वरच्या कडेपासून दुसरीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर ही जाडी. धमनी दुभंगण्यापूर्वीच्या सरळ भागात, सुमारे 10 मिमी लांबीवर ती मोजतात. तरुणपणी ती साधारण अर्धा मिमी असते आणि वयाबरोबर वाढते. 1.5 मिमीच्या पुढची जाडी किंवा एकाच जागी आलेला ठळक उंचवटा म्हणजे प्लाक.

जाडी आणि प्लाक एकच समजणे ही मोठी चूक. उच्च रक्तदाबाने मुख्यतः मधला, स्नायूंचा थर जाड होतो. चरबी साचून प्लाक बनतो तो आतल्या थरात. सोनोग्राफीला हे दोन थर वेगळे दिसत नाहीत. शिवाय 0.1 मिमीचा फरक तपासणाऱ्याच्या हातानेही पडतो. अमेरिकी मार्गदर्शनाने 2010 मध्ये हृदयविकाराची मध्यम जोखीम असलेल्या लोकांसाठी ही तपासणी योग्य मानली. 2013 मध्ये नेहमीच्या वापरासाठी नाकारली. प्लाक दिसणे हा मात्र आजही गंभीर इशारा आहे.

ही तपासणी सगळ्यांच्या आवाक्यात नसते. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कित्येकांचे पोट यंत्रमागावर, बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर चालते. दवाखाना गाठायचा तर रोज बुडतो. सोनोग्राफी यंत्र कारखान्याच्या दारात नेणेही सोपे नाही: गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली यंत्राची नोंदणी लागते आणि 2012 च्या नियमांनी फिरत्या यंत्रांवर कडक बंधने आणली. रक्तदाबाचा पट्टा आणि साखर तपासायचे छोटे यंत्र मात्र पाळी सुटताना गेटवरही चालते. त्यात दोष निघाला, किंवा तंबाखूची सवय असली, तर उपचारासाठी मानेच्या सोनोग्राफीची वाट पाहू नये. अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात; ती काही मिनिटांत ओसरली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. तिथे जाडी नव्हे, धमनी किती अरुंद झाली आहे हे डॉपलर सोनोग्राफीने पाहतात.