श्वास पुरेनासा होतो तेव्हा

कॅन्सरच्या वेदनांवर मॉर्फिन देतात, हे आता अनेक घरांत ठाऊक असते. तेच औषध धाप कमी करण्यासाठी देऊ म्हटले की नातेवाईक दचकतात: श्वासच थांबला तर? ही भीती अगदीच निराधार नाही, जादा मात्रेत मॉर्फिनने श्वसन मंदावते. पण वाचकांनी या पुस्तकाची सुरुवात औषधापासून न करता धापेपासून करावी.

पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून बसलेले वडील डोळ्यांसमोर आणा. बोटावरचे यंत्र ९६ दाखवते. मुलगा म्हणतो, ‘बाबा, ऑक्सिजन छान आहे.’ बाबांना एक वाक्य पुरे करायला तीनदा थांबावे लागते. दोघेही खरेच सांगत असतात. यंत्र रक्त मोजते, धाप मेंदूला जाणवते. ‘जीव गुदमरतो’, ‘जीव घाबरा होतो’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेला हा फरक फार आधी उमगला असावा.

मॉर्फिन फुप्फुस सुधारत नाही. हवा अपुरी पडते आहे ही जाणीव ते बोथट करते. म्हणून छातीत साचलेले पाणी, जंतुसंसर्ग, रक्तक्षय यांचा शोध आधी घ्यायचा, मग अगदी लहान मात्रेने सुरुवात करायची. बद्धकोष्ठावरचे औषध मात्र पहिल्या दिवसापासून.

पुरावा एकसुरी नाही. ऑस्ट्रेलियात ४८ रुग्णांना रोज २० मिलिग्रॅम मॉर्फिन देऊन केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत धाप उतरली, झोपही सुधारली. तिथल्याच २०२२ च्या मोठ्या चाचणीत सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांना तसा लाभ दिसला नाही. पहिल्या चाचणीतही बहुतेक रुग्ण कॅन्सरचे नव्हते. हे निष्कर्ष शेजारी ठेवूनच वाचावेत.

ज्या अफूपासून मॉर्फिन बनते ती नीमच-मंदसौरकडे परवान्याने पिकते, तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन आपल्याच रुग्णांना दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनाने मात्र १९८६ पासूनच देशातल्या पहिल्या हॉस्पिसचे काम उभे केले होते.

मात्रा या पुस्तकावरून ठरवू नका, ते तुमच्या डॉक्टरांचे काम. घरच्या माणसासाठी वाचत असाल, तर पंख्याचे प्रकरण आधी उघडा. हातात मावणाऱ्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर घेतला तरी अनेकांची धाप उतरते, आणि त्याला चिठ्ठी लागत नाही.