सरोवराशी भागीदारी

एखादी गोष्ट बनवून झाली की पुढे तिचा मेंटेनन्स कोण करणार, हा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा कायमचा प्रश्न. त्यामुळे रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन शिल्पकाराबद्दल वाचलं तेव्हा मी चक्रावलोच. या बाबाने आपलं शिल्प चक्क एका सरोवराच्या हवाली केलं होतं!

तर झालं असं. एप्रिल १९७० मध्ये स्मिथसनने युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावर डंपर आणवले. तिथलेच काळे बसाल्ट दगड आणि माती, सुमारे ६,६५० टन, पाण्यात टाकून त्याने आत आत वळत जाणारी एक वाट बांधली. १,५०० फूट लांब, १५ फूट रुंद. नाव 'स्पायरल जेटी'. जेटी म्हणजे धक्का, पण इथे कुठलीच बोट लागत नाही.

जागा निवडली ती पाण्याच्या लाल रंगासाठी. १९५९ साली रेल्वेच्या भरावाने या सरोवराचे दोन भाग झाले. नद्यांचं गोडं पाणी दक्षिणेला मिळतं, त्यामुळे उत्तरेचा भाग भयंकर खारट. तिथे मिठात तगणारे सूक्ष्मजीवच काय ते जगतात आणि पाणी लालसर करतात. (जून २०२० मध्ये आपलं लोणार गुलाबी झालं, ते याच जातकुळीच्या जीवांमुळे.)

स्मिथसनला एन्ट्रॉपीचं, म्हणजे हळूहळू होणाऱ्या मोडतोडीचं वेड. जेटीवर त्याने फिल्म काढली, निबंध लिहिला. पण दोनेक वर्षांत पाणी चढलं आणि जेटी बुडाली. १९७३ मध्ये दुसऱ्या एका शिल्पाची जागा विमानातून बघताना अपघातात तो गेला. वय अवघं ३५. पुढची बरीच वर्षं जेटी पाण्याखालीच होती. २००२ मध्ये दुष्काळाने पाणी ओसरलं आणि ती वर आली. काळे दगड मिठाने पांढरेशुभ्र झालेले! अर्धं शिल्प स्मिथसनने केलं, अर्धं सरोवराने.

मग वाद सुरू झाला. १९९९ पासून जेटी सांभाळणाऱ्या डिया आर्ट फाउंडेशनमध्ये, नवे दगड घालून ती उंच करावी का, असा विचार निघाला. माझं पहिलं मत ठाम होतं: हात लावू नका. भागीदाराच्या कामावर आपला पॅच कशाला?

पण पुढची गोष्ट वाचली आणि मत डळमळलं. २०२२ मध्ये सरोवराने नीचांक गाठला. जेटी कोरड्या मिठाच्या मैदानात उघडी पडली, पाणी लांब गेलं. कारण नुसता दुष्काळ नव्हे. सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी वरच्या वर शेतीला आणि शहरांना वळवलं जातं. म्हणजे आता 'निसर्गावर सोडून द्या' म्हणणं ही शुद्ध पळवाट. निसर्ग त्याचं काम करतोय कुठे? त्याच्या हातातलं साहित्यच आपण काढून घेतलंय.

दगडांना हात लावू नये, हे मत अजून कायम आहे. पण जेटी राखायची तर नदीला सरोवरापर्यंत पोचू द्यायला हवं. ते दगड रचण्यापेक्षा कितीतरी अवघड. असो. स्मिथसन गेला तरी त्याचा भागीदार काम करत राहिला. त्याला तरी आपण टिकू देणार का?