रिलेचं कुलूप

आमच्या हिंगोलीकडे लाईट गेली की पहिला प्रश्न "कधी येणार?" असा असतो. "का गेली?" हे सहसा कुणी विचारत नाही. ते सगळ्यात आधी कळतं सबस्टेशनातल्या रिलेला. हळदीच्या शेतात तार तुटून पडली तर रिलेनं ब्रेकर उघडायलाच हवा, नाहीतर पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ.

जुन्या रिलेत घरच्या जुन्या मीटरसारखी एक चकती असायची. करंट वाढला की ती फिरायची, ब्रेकर ट्रिप व्हायचा आणि काचेआड छोटा फ्लॅग पडायचा. ऑपरेटर तो बघून वहीत नोंद करायचा. सेटिंग बदलायचं तर पॅनेलपाशीच जावं लागे. तेव्हा यार्डाचं कुंपण आणि दाराचं कुलूप पुरायचं.

६ जून २००५ ला आपल्या वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. त्याच सुमारास जगभर रिले संगणकासारखे होऊन एकमेकांशी नेटवर्कवर बोलू लागले होते. सोय मोठी, पण आता आत शिरायला कुंपण ओलांडायची गरज उरली नाही.

२३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये घुसखोरांनी दुरूनच ब्रेकर उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. शेवटी माणसांनी सबस्टेशनात जाऊन हातानं वीज जोडली. १७ डिसेंबर २०१६ ला कीव्हजवळ पुन्हा हल्ला झाला. या वेळच्या प्रोग्रॅममध्ये सीमेन्सचे रिले बंद पाडणारा भागही होता. लिहिणाऱ्याच्याच चुकीमुळे तो फसला. ज्या दोषाचा तो फायदा घेणार होता, त्यावरची दुरुस्ती कंपनीनं २०१५ मध्येच दिलेली होती! माणसं घाईघाईनं वीज जोडतील तेव्हा रिले मुके असावेत, असा तो डाव असावा, असं २०१९ मधलं एक विश्लेषण सांगतं. वाचून अंगावर काटा येतो.

आणि आपल्याकडे? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

मला त्या वादातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पडलेला फ्लॅग आणि वहीतली नोंद लांबून कुणाला पुसता येत नसे. आता कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणं, प्रत्येकाला वेगळं लॉगिन देणं, नको ते पोर्ट बंद करणं, हे तर हवंच. पण कोण आत आलं आणि काय बदललं याची नोंद रिलेबाहेर, दुसऱ्या सुरक्षित जागी राहायला हवी. नाहीतर "का गेली?" या प्रश्नाला दोन उत्तरं मिळतील, आणि खरं कुठलं ते कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही.