पाठचं भावंड आणि पीटरची खुर्ची

१९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातल्या मराठी माणसांना भिलाई परकी नव्हती. १९५९मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि सेक्टरांमधल्या क्वार्टरांत नवे संसार उभे राहिले.

गावाकडे पाठचं भावंड आलं, की थोरल्याला आजी कुशीत घ्यायची, काकू भरवायची. आईची मांडी गेली तरी दुसरी मिळायची. क्वार्टरमध्ये आई बाळंतपणाला इस्पितळात, बाबा रात्रपाळीला. आजी आली तरी महिना-दोन महिने. आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणणार, ‘तू आता दादा झालास हं!’ तीन वर्षांच्या पोराला रातोरात बढती, पगारवाढ मात्र नाही.

भावंडावरची चित्रपुस्तकं अशाच आटोपशीर घरांसाठी आली, असं मला वाटतं. अमेरिकेत १९६४ साली रसेल होबन यांची फ्रान्सिस धाकट्या बहिणीवर रुसून घर सोडते आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन राहते. १९६७ साली एझरा जॅक कीट्स यांचा पीटर आला. त्याचा पाळणा बहिणीसाठी गुलाबी रंगवलेला. उरलेली छोटी निळी खुर्ची घेऊन तो कुत्र्यासह घराबाहेर पडतो. बसायला जातो, तर खुर्चीत मावतच नाही! मग बाबांबरोबर ती बहिणीसाठी रंगवायला तोच बसतो. ‘मोठा झालास’ हे त्याला कुणी सांगत नाही, ते खुर्ची सांगते. आधी रुसायची मुभाही मिळते. आपल्याकडच्या उपदेशी गोष्टी नेमक्या इथेच घाई करतात.

ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजमधली चाळीस कुटुंबं पाहिली. त्यांचं पुस्तक १९८२चं. ज्या आयांनी सुरुवातीच्या आठवड्यांत थोरल्याशी ‘बाळाला काय हवं असेल?’ अशा गप्पा मारल्या, तिथली भावंडं पुढे एकमेकांशी जास्त मायेने वागली. पुस्तक हे त्या गप्पांचं निमित्त. नुसतं हातात देऊन भागत नाही.

मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातल्या एकेका माणसाची ओळख आहे. ते वाचून झालं, की एक कोरा कागद घ्या आणि बाळाचं पान थोरल्यालाच काढू द्या. बाळ नुसतं रडतानाच काढलं, तरी खोडू नका.