प्रेषितांचे प्रवास आणि सातपुड्याची वाट

नागपूरहून सावनेर मागे टाकून सौंसरवरून छिंदवाड्याकडे जाणारी वाट सातपुड्याचा घाट चढते. घाटाच्या पायथ्याशी, सौंसर आणि पांढुर्णा यांच्या परिसरात मराठी नांदते. वर पठारावर हिंदी भेटते. आणि डोंगरातील वस्त्यांमध्ये गोंडीचे सूर ऐकू येतात. एका दिवसाच्या मजलेत तीन भाषा ओलांडायला लावणाऱ्या या मुलखात जो कोणी धर्माचा संदेश घेऊन आला, त्याला प्रथम एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागले : बोलायचे कोणत्या भाषेत? ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इतिहासातील हा प्रश्न मात्र सातपुड्याहून कितीतरी जुना आहे. त्या धर्माच्या पहिल्या पिढीलाच तो पडला होता.

येशू ख्रिस्ताची मातृभाषा अरामी होती. परंतु त्याच्याविषयीचे लिखाण ग्रीक भाषेत झाले. या स्थित्यंतरातच आरंभीच्या प्रसाराचे मर्म दडलेले आहे. इसवी सन ४६ ते ६० या सुमारास प्रेषित पौलाने सायप्रस, आशिया मायनर, मॅसिडोनिया आणि ग्रीस या प्रदेशांत जे प्रवास केले, त्यांस रोमन साम्राज्याचे फरसबंद रस्ते आणि भूमध्य समुद्रावरील व्यापारी जहाजे जशी साहाय्यभूत झाली, तशीच व्यवहारातील सोपी ग्रीक भाषाही झाली. शहराशहरांतून विखुरलेल्या यहुदी समाजाची प्रार्थनामंदिरे ही त्याची पहिली व्यासपीठे. तरीही हा प्रवासी एकाकी नव्हता. फिलिप्पै येथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेने त्याला आपल्या घरी आसरा दिला. करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्यासोबत त्याने तंबू शिवण्याचा धंदा करून पोट भरले. रोमकरांस धाडलेले त्याचे प्रसिद्ध पत्र तर्तिय नावाच्या लेखकाने लिहून काढले आणि त्या पत्रातच आपलाही नमस्कार कळविला. प्रवासाचे श्रेय एकाचे असले, तरी संदेश पोचतो तो अनेकांच्या हातांनी, हे या नावांवरून दिसते.

जेथे असे हात लाभले नाहीत, तेथे काय घडते याचे उदाहरणही ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात आहे. लुस्त्र या गावी पौल आणि बर्णबा यांनी एका पांगळ्यास बरे केल्यावर लोक आपल्या लुकवनी भाषेत ओरडू लागले, की देवच मनुष्यरूपाने आले आहेत. बर्णबाला त्यांनी ज्यूस ठरविले, पौलाला हर्मीस. पुरोहित बैल आणि हार घेऊन यज्ञाला सिद्ध झाला, तेव्हा कोठे या दोघांना प्रकार उमगला आणि त्यांनी आपली वस्त्रे फाडून लोकांना आवरले. पुढे त्याच गावात पौलावर दगडफेकही झाली. ग्रीक भाषेचे साम्राज्य जेथे संपत होते, तेथेच गैरसमज सुरू झाला होता. त्या लुकवनी भाषेतला एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. तिच्या बोलणाऱ्यांनी त्या दिवशी काय म्हटले, ते आपल्याला ग्रीकमधून कळते.

मराठी मुलखात आलेल्या धर्मप्रसारकांनी हा धडा निरनिराळ्या रीतींनी गिरविला. गोव्यात १५७९ साली आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी छंद स्वीकारून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर १८०५ मध्ये प्रसिद्ध केले. संपूर्ण नवा करार १८११ मध्ये आला. कॅरी महाराष्ट्रात कधी राहिले नव्हते. त्यांना मराठी लाभली ती नागपूरकडील वैजनाथ शर्मा या पंडितांमुळे. साहजिकच त्या भाषांतरावर नागपुरी वळणाचा ठसा उमटला आणि १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते पश्चिमेकडील वाचकांसाठी पुरेसे वाटले नाही. त्यांनी नवी भाषांतरे हाती घेतली. तथापि मराठी मुद्रणाच्या उषःकाली नागपूरच्या बोलीला मिळालेले हे स्थान या भागातील वाचकाने ध्यानात ठेवावे असेच आहे.

१८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास आलेले स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप हे पौलाप्रमाणेच प्रवासी वृत्तीचे होते. नागपूर तेव्हा भोसल्यांच्या राज्याची राजधानी होते. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली, शाळा चालविल्या आणि थंडीच्या दिवसांत खेडोपाडी फिरून प्रचार केला. त्या भटकंतीत त्यांची दृष्टी दगडांकडे, जीवाश्मांकडे आणि माणसांकडे सारखीच वळत असे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध लिहिला. छिंदवाड्याजवळील उमरेठच्या कोळशाचे थर आणि नागपूरकडील वनस्पती-जीवाश्मांचे थर यांच्या संबंधांवरही त्यांचे लेखन १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मांतराच्या आकड्यांनी मोजू गेल्यास त्यांच्या हयातीतील यश अगदी मर्यादित होते. परंतु त्यांच्या कार्याचा सर्वांत टिकाऊ भाग त्या मोजमापाबाहेर आहे.

गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची दीर्घ कथा परधान गायक पिढ्यानपिढ्या गात आले होते. गुहेत कोंडलेल्या गोंडांची सुटका, त्यांना मिळालेला अग्नी, त्यांच्या कुळांची विभागणी असा तिचा विस्तार आहे, आणि त्यात महादेव-पार्वतीही वावरतात. हिस्लॉप यांनी ही कथा परधानाच्या तोंडून मूळ गोंडीत उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना ओढ्याला आलेल्या पुरात त्यांचा अंत झाला. मागे राहिलेली त्यांची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. लिंगोचे गीत त्यात मूळ शब्दांसह आणि इंग्रजी अर्थासह छापलेले आहे. छिंदवाड्याचे मिशनरी जेम्स डॉसन यांनी गोंडी शब्दांचा आणि वाक्प्रयोगांचा संग्रह १८७० मध्ये प्रकाशित केला. पुढे छिंदवाडा भागात स्वीडनच्या लूथरन मिशनने काम केले, तर नागपुरात १८८३ साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला हिस्लॉप यांचेच नाव मिळाले.

या साऱ्या उद्योगाचे मूल्यमापन करताना भाबडेपणा नको, तसा आकसही नको. मिशनरी गोंडी शिकले ते गोंडांनी आपला जुना देव सोडावा म्हणून; त्यांचे गीत जतन व्हावे हा मूळ हेतू नव्हता. परदेशी सत्तेच्या सावलीत त्यांचा वावर होता, ही गोष्टही विसरता येत नाही. असे असूनही ऐकून घेण्याची सक्ती भाषेने त्यांच्यावर केली, आणि जे ऐकले ते कागदावर उरले. बोलायला आलेला माणूस ऐकून गेला, असे हिस्लॉप यांच्याबाबत म्हणावे लागते. मात्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आणि टेंपल यांची नावे आहेत. ज्याच्या कंठातून ते गीत आले, त्या परधानाचे नाव तेथे नाही. तर्तियाला आपल्या नमस्काराची एक ओळ लिहिता आली, ती संधी या गायकाला मिळाली नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये याच दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याच्या सीमेपलीकडे आपली भाषा जपणाऱ्या येथील वाचकांना लुस्त्राची गोष्ट परकी वाटू नये. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख आहे, तरी तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालेले नाही. लुकवनी नाहीशी झाली, कारण तिचे बोल कोणी जपून ठेवले नाहीत. मराठी ग्रंथालयाच्या कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी ‘ख्रिस्तपुराण’ असावे, आणि त्यांच्या जोडीला लिंगोच्या गीतालाही जागा असावी. घाटाखालच्या आणि घाटावरच्या तिन्ही भाषांचे ऋण त्याने थोडे तरी फिटेल.