नवरदेवाचा पोशाख आणि शिंप्याची बोली

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड इतिहासाला परिचित आहे ते लढायांमुळे. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिरखान फारूकीचा येथे पराभव केला. त्याच्या फौजेत इराणी, अरब व तुर्क यांचाच भरणा होता. १५९१ मध्ये निजामशाहीतील जमालखान येथेच मारला गेला. एका लढाईने भाषा पालटत नाही, हे खरे. तथापि शतकानुशतकांच्या फारसी राजवटींचा अवशेष या भागात नवरदेवाच्या कोटाचे माप घेतले जात असतानाही ऐकू येतो.

शिवणे, सुई, कात्री ही आपली घरची शब्दसंपत्ती. नामदेवही जातीने शिंपीच. अस्तर मात्र फारसी, खिसा मूळचा अरबी. काज पोर्तुगीज 'काझा'पासून आले. त्याचा अर्थ घर, म्हणजे बटणाचे घर! कोट व सूट इंग्रजी.

'सूट परका, जामानिमा आपला' असे म्हणणाऱ्यांस हे रुचणार नाही. पण जामा आणि निमा हे दोन्ही शब्द फारसीच आहेत. शिवलेल्या वस्त्राविषयीचा संकोच खरोखर कोठे उरला असेल तर तो विधीत. अनेक घरांत वर विधीला बसताना धोतर नेसतो व उपरणे घेतो. सूट चढतो तो वरातीसाठी. त्याचे माप घेताना शिंपी 'छाती' म्हणतो ती देशी, 'कंबर' म्हणतो ती फारसी.